स्तनरोपणाचे माप

जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात डॅन्यूब नदीच्या काठी रेगेन्सबर्ग हे प्राचीन शहर वसले आहे. तेथील जुन्या नगरभवनाच्या प्रवेशद्वाराशेजारी भिंतीत लोखंडी मापपट्ट्या बसवलेल्या दिसतात: शहराचा अधिकृत फूट, अधिकृत हात आणि अधिकृत वाव. याच शहरात १५ नोव्हेंबर १६३० रोजी योहानेस केपलरचे निधन झाले. ग्रहांच्या कक्षांमुळे तो सर्वांना ठाऊक आहे. मद्याच्या पिंपांचे घनफळ कसे काढावे यावर त्याने १६१५ मध्ये एक अख्खा ग्रंथ लिहिला होता, हे मात्र कमी जणांना माहीत असते. वक्र पृष्ठाच्या वस्तूची रुंदी, तिचा फुगवटा आणि तिचे घनफळ यांचा परस्परसंबंध हा त्या ग्रंथाचा विषय होता. प्रस्तुत लेखाचा विषयही, अगदी निराळ्या कारणाने, तोच आहे.

स्तनवर्धनासाठी किंवा स्तनाच्या पुनर्रचनेसाठी बसवायचे इम्प्लांट किती मोठे असावे, हा प्रश्न वरवर पाहता आवडीनिवडीचा वाटतो. प्रत्यक्षात तो प्रथम मोजमापाचा आणि नंतर आवडीचा आहे. स्त्रीने आपली इच्छा सांगावी, शल्यविशारदाने तिच्या शरीराची मापे घ्यावीत आणि दोहोंचा मेळ जेथे बसतो तेथे आकडा ठरावा, अशी आजची शास्त्रशुद्ध रीत आहे. रेगेन्सबर्गमध्ये प्लास्टिक सर्जरीचे विद्यापीठीय केंद्र विद्यापीठ रुग्णालय आणि कारितास संस्थेचे सेंट जोसेफ रुग्णालय अशा दोन ठिकाणी चालते आणि त्याची धुरा प्राध्यापक लुकास प्रांटल यांच्याकडे आहे. सेंट जोसेफमधील त्यांच्या पूर्वसूरी मारिटा आयझेनमान-क्लाइन यांनी प्लास्टिक सर्जनांच्या जागतिक महासंघाच्या नेतृत्वातही काम केले. त्यामुळे मध्यम आकाराच्या या शहरात या विषयाला अभ्यासाची परंपरा आहे.

कापण्यापूर्वी मोजणे हा या शास्त्राचा मूळ संस्कार आहे आणि त्याची एक ठळक नोंद पुण्याच्या परिसरातली आहे. टिपूबरोबरच्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यातील कावसजी नावाचा बैलगाडीवान कैद झाला आणि त्याचे नाक कापण्यात आले. वर्षभराने पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या समाजातील एका कारागिराने त्याला नवे नाक बसवले. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकिकत चित्रासह छापली. तिच्यातील एक तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. त्या कारागिराने सुरी हातात घेण्यापूर्वी मेणाची पातळ पत्री नाकाच्या उरलेल्या बुंध्यावर बसवून नाक घडवले, मग ती पत्री सपाट करून कपाळावर ठेवली आणि तिच्या कडेने रेघ आखली. जेवढी कातडी लागणार, तेवढीच कपाळावरून उचलायची. बर्लिनच्या कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे यांनी १८१८ मध्ये नासापुनर्रचनेवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या भारतीय पद्धतीला इटालियन पद्धतीच्या बरोबरीचे स्थान दिले. त्या अनामिक कारागिराला आज आपण प्लास्टिक सर्जनच म्हटले असते.

स्तनाच्या बाबतीत ही शिस्त फार उशिरा आली. १८९५ मध्ये हायडेलबर्गच्या विन्सेंट्स चेर्नी यांनी एका गायिकेच्या स्तनातील रोगट भाग काढून टाकला आणि ती पोकळी तिच्याच शरीरावरील चरबीच्या गाठीने भरली. गाठ मुठीहून किंचित मोठी होती. जेवढी मिळाली तेवढी वापरली, इतकाच मापाचा विचार त्यात होता. पुढे पॅराफिनची इंजेक्शने आली आणि त्यांनी अपरिमित हानी केली. १९६२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो यांनी सिलिकॉन जेलचे पहिले इम्प्लांट बसवले. त्यानंतरची कित्येक वर्षे आकाराची निवड म्हणजे लहान, मध्यम, मोठा यांपैकी एक, अशी ढोबळ होती. स्तनाची पायारुंदी आणि उतींची जाडी मोजून, त्यावरून इम्प्लांट ठरवण्याची पद्धती विसाव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आली. तिचे श्रेय मुख्यतः टेक्सासमधील डॅलसचे जॉन टेबेट्स यांना दिले जाते.

इम्प्लांट म्हणजे सिलिकॉनच्या लवचीक कवचात भरलेले सिलिकॉनचे जेल किंवा मिठाचे निर्जंतुक पाणी. युरोपात जेलचेच इम्प्लांट अधिक वापरात आहे. त्याचे वर्गीकरण अनेक अंगांनी होते. बैठक गोल की थेंबासारखी, पृष्ठभाग गुळगुळीत की खरबरीत, जेल मऊ की घट्ट बांधणीचे, हे पहिले तीन भेद झाले. मापाच्या दृष्टीने महत्त्वाची अंगे दोन: पायाची रुंदी आणि पुढे येणारा उठाव. या दोहोंतून घनफळ आपोआप निघते. ते घन सेंटिमीटरमध्ये, म्हणजे बोलीभाषेत ‘सीसी’मध्ये सांगतात. उत्पादकांच्या तक्त्यांत एकाच रुंदीची इम्प्लांट कमी, मध्यम आणि जास्त उठावात दिलेली असतात.

थोडे गणित केले की मर्म लक्षात येते. गोल इम्प्लांट हा गोलाचा कापलेला भाग आहे असे मानू. १३ सेंमी रुंदी आणि ४ सेंमी उठाव असेल, तर घनफळ सुमारे ३०० सीसी भरते. रुंदी १२ सेंमी केली, तर तेवढ्याच घनफळासाठी उठाव सुमारे साडेचार सेंमी हवा. ११ सेंमी केली, तर पाच सेंमी. म्हणजे “मला ३०० सीसीचे बसवले” असे तीन स्त्रिया सांगत असल्या, तरी तिघींच्या छातीवरील आकृती तीन प्रकारच्या असू शकतात. मैत्रिणीचा सीसीचा आकडा घेऊन डॉक्टरांकडे जाण्यात काही हशील नाही, ते यामुळेच.

कपच्या अक्षराचीही हीच गत आहे. जर्मनीत स्तनाखालच्या घेरावरून ७०, ७५, ८० हा अंक ठरतो आणि स्तनावरून घेतलेला घेर त्याहून किती जास्त आहे यावरून अक्षर ठरते. हा फरक १२ ते १४ सेंमी असेल तर ए, १४ ते १६ असेल तर बी, १६ ते १८ असेल तर सी. हे अक्षर घेराशी बांधलेले आहे. ७०सी, ७५बी आणि ८०ए या तिन्हींतील कपची धारणक्षमता जवळपास सारखीच असते. त्यात प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा. त्यामुळे अमुक सीसी म्हणजे एक कप असे कोष्टक मांडता येत नाही. कोणताही प्रामाणिक सर्जन “तुम्हाला नक्की सी कप मिळेल” असे लिहून देणार नाही आणि जो देईल त्याच्याकडून उठून यावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रत्यक्ष मोजणी अशी होते. स्त्री कमरेपर्यंतचे कपडे उतरवून सरळ उभी राहते, हात बाजूला सैल सोडलेले. सर्जन तिच्या छातीवर पेनाने मध्यरेषा आखतो, दोन्ही स्तनांखालच्या घड्या आखतो. गळ्याच्या खाचेपासून स्तनाग्रापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजतो. ते सहसा तंतोतंत सारखे नसते. मग कॅलिपर घेऊन स्तनाची पायारुंदी मोजतो, आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, सरळ रेषेत. टेप वापरला तर तो वळणावरून जातो आणि आकडा फुगतो. स्तनाग्राजवळची त्वचा बोटांनी हलकेच पुढे ओढून ती किती सेंटिमीटर ताणते ते पाहतो. स्तनाग्रापासून खालच्या घडीपर्यंतचे अंतर त्वचा ताणलेल्या अवस्थेत घेतो. शेवटी चिमटापरीक्षा: स्तनाच्या वरच्या भागातील त्वचा व चरबी दोन बोटांच्या चिमटीत धरून तिची जाडी कॅलिपरने मोजायची, तीच गोष्ट आतल्या आणि बाहेरच्या कडेलाही करायची. सारे पाच-दहा मिनिटांत आटोपते. पण आकडे कागदावर उतरलेले नसतील, तर पुढची सगळी चर्चा हवेत राहते.

या आकड्यांपैकी पायारुंदी सर्वांत निर्णायक. इम्प्लांट स्त्रीच्या स्वतःच्या स्तनाच्या पायापेक्षा रुंद असेल, तर ते काखेकडे सरकते किंवा मध्यरेषेकडे येऊन दोन्ही स्तनांमधील दरी बुजवते. कडेच्या उतींची जाडीही जमेस धरावी लागते, कारण ती इम्प्लांटला झाकणारी असते. रुंदी १३ सेंमी, आतल्या कडेची चिमट १ सेंमी आणि बाहेरची २ सेंमी असेल, तर चिमटीत त्वचा दुहेरी होते म्हणून तिचा निम्मा भाग वजा करायचा. उरते साडेअकरा सेंमी. इम्प्लांटची रुंदी त्याच्या आसपास असावी.

टेबेट्स आणि विल्यम अ‍ॅडम्स यांनी २००५ मध्ये हीच प्रक्रिया पाच निर्णयांत बांधून दिली: इम्प्लांट कोणत्या थरात बसवायचे, किती घनफळाचे, कोणत्या जातीचे, खालची घडी कोठे येईल आणि छेद कोठे द्यायचा. त्यांच्या तक्त्यात प्रत्येक पायारुंदीला एक प्रारंभिक घनफळ दिलेले आहे. १२ सेंमी रुंदीला ते ३०० सीसीच्या घरात आहे. त्वचा दोन सेंटिमीटरहून कमी ताणत असेल तर त्यातून ३० वजा करायचे, तीन सेंटिमीटरहून अधिक ताणत असेल तर ३० मिळवायचे. या तक्त्याला वेदवाक्य मानण्याचे कारण नाही आणि अनेक सर्जन त्यात आपापल्या अनुभवाने फेरफार करतात. परंतु उतींनी मर्यादा घालून द्यायची आणि इच्छेने त्या मर्यादेत वावरायचे, हे तत्त्व सर्वमान्य झाले आहे.

थराचा प्रश्न जाडीशी निगडित आहे. वरच्या भागातील चिमट दोन सेंमीपेक्षा कमी भरली, तर स्तनग्रंथीच्या मागे ठेवलेल्या इम्प्लांटची कडा त्वचेखाली दिसण्याची शक्यता असते. अशा कृश स्त्रियांमध्ये वरचा भाग छातीच्या मोठ्या स्नायूखाली आणि खालचा भाग ग्रंथीखाली ठेवणारी द्विस्तरीय पद्धत वापरतात. तिचे वर्णन टेबेट्स यांनीच २००१ मध्ये केले. स्नायूखाली बसवलेले इम्प्लांट सुरुवातीला चपटे आणि वर चढलेले दिसते. ते खाली उतरून स्थिरावायला काही महिने जातात. पहिल्या आठवड्यात आरशात पाहून “आकार चुकला” असे ठरवणे घाईचे असते.

सर्जनच्या खोलीत इच्छेला वाव मिळतो तो चाचणीच्या वेळी. खेळताना घालतात तशी ब्रा आणि तिच्यात ठेवायची वेगवेगळ्या मापांची नमुना-इम्प्लांट बहुतेक दवाखान्यांत असतात. वर अंगाला बसणारा पांढरा टी-शर्ट घालून आरशासमोर चालावे, बसावे, वाकावे. काही स्त्रिया घरीच मापपात्राने तांदूळ मोजून, पातळ मोज्यात भरून, ते ब्रामध्ये ठेवून पाहतात. ही गंमत म्हणून उडवून लावण्यासारखी गोष्ट नाही, कारण वजनाची कल्पना त्यातून येते. मात्र बाहेरून ठेवलेले ३०० सीसी आणि आत बसवलेले ३०० सीसी सारखे दिसत नाहीत, हे विसरू नये. आता त्रिमितीय छायाचित्रणही उपलब्ध आहे. यंत्र छातीचे चित्र घेते आणि निवडलेल्या इम्प्लांटचा परिणाम पडद्यावर फिरवून दाखवते. त्याचा खरा लाभ, लेखकाच्या मते, दोन्ही बाजूंमधला जन्मजात फरक आधीच दाखवण्यात आहे. खांदा थोडा खाली, बरगड्यांचा पिंजरा एका अंगाला किंचित पुढे, एक स्तन दुसऱ्याहून भरलेला, हे जवळजवळ प्रत्येकीत असते. शस्त्रक्रियेनंतर प्रथमच लक्षात आले की त्याचे खापर इम्प्लांटवर फुटते. फरक मोठा असेल तर दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या घनफळाची इम्प्लांट निवडतात. २५ सीसी म्हणजे चहाचे पाच चमचे. तेवढ्या फरकाने दिसण्यात सहसा काही उमगत नाही. त्यामुळे ३०० की ३२५ या प्रश्नावर रात्री जागवू नयेत. ३०० की ४५० हा मात्र खरा प्रश्न आहे.

कारण मोठ्या आकाराची किंमत हप्त्याहप्त्याने चुकती होते. सिलिकॉन जेलची घनता पाण्याहून थोडीच कमी असते, म्हणजे ३०० सीसीच्या दोन इम्प्लांटचे वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास जाते. ते त्वचेला आणि खालच्या घडीला रात्रंदिवस पेलावे लागते. उतींच्या ताकदीबाहेरचे ओझे पडले की घडी खाली सरकते, स्तनाग्र वर बघू लागते, कातडी पातळ होऊन इम्प्लांटच्या चुण्या दिसतात, ग्रंथी दाबली जाऊन झिजते. ही झीज पुरती भरून काढणारा उपाय नाही. इम्प्लांट पुढे काढून टाकले, तरी ताणलेली त्वचा पूर्ववत होत नाही. दुसरीकडे, आकार बदलून घेण्यासाठी पुन्हा टेबलावर येणाऱ्या स्त्रियांत “थोडे मोठे घ्यायला हवे होते” म्हणणाऱ्याही असतात, हे मान्य करायला हवे. म्हणून पहिल्याच भेटीत सर्जनने कमाल मर्यादा सेंटिमीटरमध्ये सांगावी आणि ती का, तेही सांगावे.

शरीर परकी वस्तू दिसली की तिच्याभोवती तंतुमय आवरण विणते. ते बहुतेकींत पातळ आणि निरुपद्रवी राहते. काहींत जाड होऊन आकुंचन पावते, स्तन कठीण होतो आणि दुखतो. या आकुंचनाच्या चार पायऱ्या बेकर यांच्या नावाने ओळखल्या जातात. रेगेन्सबर्गच्या प्रांटल आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, काढलेल्या इम्प्लांटभोवतीचे आवरण सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्याची रचना आणि रुग्णांमध्ये दिसणारी बेकर पायरी यांचा संबंध शोधला. आकुंचनाने इम्प्लांट आक्रसते आणि ठरवून निवडलेली रुंदी निरर्थक होते. म्हणून हा विषय मापाच्या चर्चेबाहेरचा नाही. काही खरबरीत पृष्ठभागांचा एका दुर्मिळ लसिकापेशी-कर्करोगाशी संबंध स्पष्ट झाल्यावर २०१९ मध्ये अशी काही इम्प्लांट जगभरातून परत मागवण्यात आली. एखाद्या मापाचा हट्ट धरताना ते कोणत्या पृष्ठभागात मिळते, हेही त्यामुळे विचारावे लागते.

कर्करोगामुळे स्तन काढावा लागलेल्या स्त्रीच्या बाबतीत हिशेब उलट दिशेने चालतो. तेथे दुसरा, निरोगी स्तन हाच नमुना असतो. काढलेला स्तन शस्त्रक्रियागृहातच तराजूवर ठेवतात आणि त्याचे ग्रॅम हे घनफळाच्या निवडीला पहिला आधार देतात. त्वचा कमी उरली असेल, तर आधी विस्तारक पिशवी बसवून तिच्यात टप्प्याटप्प्याने मिठाचे पाणी भरत जागा तयार करतात. स्वतःच्या पोटावरील उती वापरण्याचा पर्यायही असतो. जर्मनीत ही पुनर्रचना सरकारी आरोग्यविम्यातून होते.

केवळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया मात्र स्वखर्चाने करावी लागते आणि वैद्यकीय कारण नसल्यामुळे तिच्यावर १९ टक्के मूल्यवर्धित करही लागतो. बीएमडब्ल्यूच्या किंवा इन्फिनिऑनच्या नोकरीनिमित्त, अथवा शिक्षणासाठी रेगेन्सबर्गला राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आणखी एक कलम ध्यानात ठेवावे: अशा शस्त्रक्रियेतून गुंतागुंत उद्भवली, तर तिच्या उपचारखर्चात सरकारी विमा संबंधित व्यक्तीला वाटा उचलायला लावतो. २०१३ च्या रुग्णहक्क कायद्यानुसार डॉक्टरने धोके तोंडी आणि वेळेवर, म्हणजे विचाराला अवधी राहील असे, समजावून सांगणे बंधनकारक आहे. रुग्णाला कळेल अशा भाषेत ते झाले पाहिजे. विमा देणार नसेल, तर अंदाजे खर्च लेखी कळवावा लागतो. ‘सौंदर्यशल्यविशारद’ ही पाटी जर्मनीत कोणीही डॉक्टर लावू शकतो, पण ‘प्लास्टिक, पुनर्रचनात्मक व सौंदर्यशल्य यांचा विशेषज्ञ’ ही पदवी सहा वर्षांच्या प्रशिक्षणानंतरच मिळते. पाटीवरील शब्द काळजीपूर्वक वाचावेत. आधीची आणि नंतरची छायाचित्रे शेजारीशेजारी मांडून अशा शस्त्रक्रियेची जाहिरात करायला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे जर्मन दवाखान्यांची संकेतस्थळे आपल्याकडच्या मानाने कोरडी वाटतात.

फ्रान्समधील पीआयपी कंपनीने औद्योगिक दर्जाचे सिलिकॉन भरल्याचे २०१० मध्ये उघड झाले, तेव्हा जर्मनीत कोणाच्या शरीरात कोणते इम्प्लांट आहे याची एकत्रित नोंद नव्हती. त्यानंतर देशाने कायद्याने राष्ट्रीय इम्प्लांट-नोंदवही उभारली आणि १ जुलै २०२४ पासून स्तनरोपणाची प्रत्येक शस्त्रक्रिया तिच्यात नोंदवणे सक्तीचे केले. स्त्रीच्या हातीही एक इम्प्लांट-पास दिला जातो. त्यावर उत्पादक, प्रकार आणि अनुक्रमांक यांची नोंद असते. स्तनांच्या क्ष-किरण तपासणीला जाताना तो बरोबर न्यावा, कारण इम्प्लांटमुळे झाकली जाणारी ग्रंथी दिसावी म्हणून तंत्रज्ञाला इम्प्लांट मागे सारून जादा चित्रे घ्यावी लागतात. अमेरिकी औषध प्रशासन जेलच्या इम्प्लांटसाठी पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी तपासणी सुचवते. इम्प्लांट आयुष्यभर टिकण्याच्या हिशेबाने बनवलेले नसते. कधीतरी ते बदलावे किंवा काढावे लागते. त्या वेळी नव्या सर्जनला पासावरील अनुक्रमांकावरून जुन्या इम्प्लांटचे घनफळ आणि रुंदी शोधता येते. त्याच्याबरोबर पहिल्या भेटीत कॅलिपरने घेतलेल्या मापांचा कागदही हवा, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच त्याची प्रत मागून घ्यावी.